मेळाव्याहून परतले आणि आधी माझं स्वतःचं स्टेटस उडवलं

उंबरठा_जालना
रविवार, रात्री 10:40

आज दिवसभर छत्रपती संभाजीनगरला होते. प्लॉट-फ्लॅटच्या धंद्यातल्या लोकांचा मेळावा होता. सकाळी ओळखीपाळखी, दुपारनंतर सोशल मीडियावर जाहिरात कशी करायची यावर सत्र. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून माणसं आली होती. जालन्याला परत येताना बसमध्येच ठरवलं की डोक्यातलं सगळं आजच इथं लिहून काढायचं, उद्या सकाळी फोन सुरू झाले की राहून जाईल.

मी सहा वर्षांपासून जालन्यात एजंट आहे. महारेराकडं, म्हणजे घर-प्लॉटच्या धंद्यावर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडं, नोंदणी आहे, परीक्षाही पास झालेय. हे आधी सांगते, कारण पुढं जे कबूल करणार आहे ते हे सगळं असूनही माझ्या हातून झालंय.

सकाळी प्रत्येकाला ओळख द्यायला एक मिनिट होतं. ऐंशीच्या आसपास लोक असतील. बहुतेकांचं वाक्य एकच, ‘प्लॉट, फ्लॅट, रो-हाऊस, शेती, कमर्शियल, सगळं करतो.’ मीही तेच बोलले. आत्ता घरी येऊन पिशवीतली कार्डं काढली, तर साठेक कार्डांत चेहरा आठवतो असे पाच जण. त्यातले एक परभणीचे गृहस्थ. त्यांनी एवढंच सांगितलं होतं की मी फक्त जुन्या वाड्यांचे व्यवहार करतो, जिथं वारस पुष्कळ आहेत आणि कोणी हात लावत नाही. जेवणाच्या रांगेतच चार जणांनी त्यांना गाठलं आणि आपापली अडलेली प्रकरणं सांगितली. माझ्याजवळ कोणी आलं नाही. ‘सगळं करते’ म्हणणाऱ्या बाईकडं नेमकं काय घेऊन यायचं? मला खरं तर अंबड रस्ता आणि मंठा रस्ता एवढाच टापू नीट माहीत आहे. तिथल्या कोणत्या गल्लीत पावसाळ्यात पाणी साचतं हेही ठाऊक आहे. पुढच्या कार्डावर तेवढंच छापणार.

दुपारचं सत्र कामाचं होतं, उगाच नावं ठेवणार नाही. आपली माणसं रील आवाज बंद करून बघतात, म्हणून अक्षरं मराठीत आणि मोठी टाका. भाव लपवू नका, ‘डीएम करा’ म्हटलं की माणूस पुढं सरकतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 नंबर बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. हे ऐकून मी सुन्न झाले. दोन वर्षं दर शनिवारी तीन लिस्टांवर प्लॉटचे फोटो पाठवत होते. त्यातले किती पोचले असतील देव जाणे.

आणि फेसबुकचा तो फॉर्म. त्यात नाव-नंबर आपोआप भरलेला येतो, लोक दोन टिचक्या मारतात आणि विसरतात. माझा हिशोब सांगते. मागच्या दिवाळीत जाहिरातीवर 14,000 रुपये घातले. 212 नंबर आले. त्यातले 63 जणांनी फोन उचलला, साईटवर आले 4, घेतलं कोणीच नाही. सत्र घेणारे म्हणाले, फॉर्ममध्ये हातानं टाइप करावा लागेल असा एक तरी प्रश्न ठेवा, ‘घर कधी बांधायचंय?’ असा. नंबर कमी येतील, पण जे येतील ते बोलतील.

पण मी हा धागा काढला तो वेगळ्याच गोष्टीसाठी. शेवटी आयोजकांनी एका ग्राहकाला बोलायला उभं केलं. निवृत्त शिक्षक होते, दोन वर्षं प्लॉट शोधतायत. ते शांतपणे म्हणाले, ‘तुमच्या सगळ्यांच्या जाहिराती मी बघतो. त्यात कमान दिसते, नारळाची झाडं दिसतात, समृद्धी महामार्ग दिसतो. सातबारा मला अजून एकानंही दाखवला नाही. मी मागितला की म्हणता, आधी टोकन द्या.’

सभागृहात कोणी काही बोललं नाही. मी खाली बघत होते, कारण त्या क्षणी माझ्या व्हॉट्सॲप स्टेटसला एका नव्या ले-आऊटचा ड्रोनचा व्हिडिओ होता. त्याची महारेरा नोंदणी अजून झालेली नाही. मालक म्हणाले होते, ‘ताई, नंबर येतोय आठवड्यात, तोवर हवा करून ठेवा.’ मी केली. खाली लिहिलं होतं, ‘समृद्धीच्या इंटरचेंजपासून 5 मिनिटं, पहिल्या वीस जणांना जुना भाव.’ पाच मिनिटं मी कधी मोजलीच नव्हती.

बसमध्ये बसल्या बसल्या ते स्टेटस काढलं. ज्या सात जणांनी चौकशी केली होती त्यांना निरोप टाकला की नोंदणी क्रमांक आल्याशिवाय मी काही दाखवणार नाही आणि पैसेही घेणार नाही.

तुमच्याकडं हे कसं चालतं? कागद आधी दाखवणारे कोणी आहेत का इथं? त्यानं गिऱ्हाईक तुटतं की टिकतं?

गोदातीर
रविवार, रात्री 11:25

नांदेडला वकिली करतो. ताई, स्टेटस काढलंत हे फार चांगलं केलंत. आपल्या भागातल्या बऱ्याच जणांना वाटतं की पेपरात छापली तरच ती जाहिरात. 2016 च्या रेरा कायद्यातली व्याख्या वाचा. कोणत्याही माध्यमातून, कोणत्याही रूपात केलेली प्रसिद्धी जाहिरातीत येते. स्टेटस, रील, फॉरवर्ड केलेलं माहितीपत्रक, सगळं.

कलम 3 प्रमाणे नोंदणीआधी जाहिरात, बुकिंग, विक्री यातलं काहीच करता येत नाही. प्लॉटिंगलाही हे लागू आहे. सूट आहे ती 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर. 500 चौरस मीटर म्हणजे पाच गुंठेही नाहीत, तेव्हा कोणत्याही ले-आऊटनं ‘आम्हाला लागत नाही’ म्हटलं तर विश्वास ठेवू नका. नोंदणी न करणाऱ्या प्रवर्तकाला, म्हणजे प्रकल्प काढणाऱ्याला, प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड आहे. एजंटसाठी कलम 10 आहे, नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री करून द्यायची नाही. ते मोडलं तर दिवसाला 10,000 रुपये, वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. मालक ‘हवा करा’ म्हणतो तेव्हा त्या हवेचा दंड तुमच्याही नावावर चढतो, हे लक्षात ठेवा.

1 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात जाहिरातीवर नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोडही सक्तीचा आहे. मोबाईल धरला की प्रकल्पाचं पान उघडतं. मंजूर नकाशा, जमिनीवरचा बोजा, चालू खटले, सगळं तिथं. त्या शिक्षकांना जे हवं होतं त्यातलं अर्धं तिथंच आहे, आपणच तो कोड कोपऱ्यात नखाएवढा टाकतो.

‘पाच मिनिटं’ बद्दल. कलम 12 आहे. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत. माझ्याकडं अशी प्रकरणं येतात आणि पुरावा म्हणून लोक स्क्रीनशॉट घेऊन येतात. स्टेटस 24 तासांत जातं, स्क्रीनशॉट जात नाही.

टोकनचंही सांगतो. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘निम्मे आत्ता, करार नंतर’ हे आपल्याकडं सर्रास चालतं आणि ते बेकायदेशीर आहे.

पाणंद
सोमवार, सकाळी 7:10

मी ग्राहक आहे, एजंट नाही. मूळ परभणी जिल्हा, आता पुण्यात नोकरी.

माझ्या वडिलांनी संभाजीनगरच्या सातारा-देवळाई भागात गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडलेल्या तुकड्यांत, प्लॉट घेतला होता, शंभर रुपयांच्या बाँडवर. कोणाच्या सांगण्यावरून, तर कचेरीतल्या मित्राच्या. मित्रानंही घेतला होता, त्यानं दुसऱ्याच्या सांगण्यावरून. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मालमत्ता नोंदणी केल्याशिवाय विकत घेता येत नाही हे 1908 च्या कायद्यात लिहिलेलं आहे, पण त्या साखळीतल्या एकालाही ते माहीत नव्हतं. आमच्या घरी रजिस्ट्री हा शब्द वडील निवृत्त झाल्यावर आला, घर बांधायला कर्ज काढायला गेलो तेव्हा. बँकेनं बाँड बघितला आणि फाईल परत दिली.

पुढं गुंठेवारी नियमित करायचा 2001 चा कायदा होता, 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. आम्ही अर्ज केला, पैसे भरले, सुटलो. पण मधली बारा वर्षं वडील दर पावसाळ्यात जाऊन त्या प्लॉटच्या चार कोपऱ्यांचे दगड बघून यायचे. कोणी हलवले तर नाहीत ना म्हणून. ते मी विसरू शकत नाही.

म्हणून उंबरठाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून असं आहे. जो एजंट मी न मागता मला फेरफार, म्हणजे जमिनीची मालकी कशी बदलत आली त्याची नोंद, दाखवेल, त्याच्याकडून मी शंभर रुपये चौरस फूट जास्त देऊन घेईन. माझ्यासारखे पुण्यात बसलेले, गावाकडं एक तुकडा असावा म्हणून शोधणारे खूप आहेत. आम्हाला साईटवर येणं जमत नाही, म्हणून रीलवरच बघतो. आम्हाला झाडं नका दाखवू.

ड्रोनवाला_लातूर
सोमवार, दुपारी 1:35

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका.

मी लातूरला रील बनवून देतो, बिल्डरांना आणि एजंटांना. वय 24. कागद दाखवला तर लोक बघत नाहीत, हे मी रोज आकड्यांत बघतो. सातबारा पडद्यावर आला की तिसऱ्या सेकंदाला माणूस पुढं जातो. सामान्य माणसाला तो वाचताच येत नाही. तुम्ही प्रामाणिक आहात म्हणून व्हिडिओ चालत नसतो. तो आधी थांबवणारा पाहिजे.

पण त्या शिक्षकांचं बोलणं मलाही लागलं, म्हणून मी काय केलं ते सांगतो. कागदाऐवजी माणसाच्या मनात जी भीती असते ती दाखवायची. लातूरमध्ये 2016 ला रेल्वेनं पाणी आलं होतं, मिरजेहून. ते ज्यानं बघितलंय तो फ्लॅट बघताना किचनच्या आधी नळाकडं जातो. क्लासच्या मुलांसाठी भाड्यानं घर शोधणाऱ्या आई-बापांचंही तेच. मी एका इमारतीची रील केली ती फक्त पाण्याची. बोअर किती खोल, टाकी किती लिटरची, मे महिन्यात टँकर किती लागले, वॉचमनच्या तोंडून. ड्रोन नाही, संगीत नाही. माझ्या नेहमीच्या रीलपेक्षा ती कमी जणांनी बघितली, पण ज्यांनी बघितली त्यांनी शेवटपर्यंत बघितली, आणि ती शेअर झाली घरच्या ग्रुपवर. फ्लॅट काय एकटा माणूस घेत नाही, घरचा ग्रुप घेतो.

दुसरी कल्पना काळ्या मातीची. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वर बांधलेल्या भिंतीला तडे जातात. म्हणून जाणता मिस्त्री मुरूम लागेपर्यंत खोदल्याशिवाय पाया भरत नाही. पण प्लॉट घेताना कोणी विचारत नाही की इथं मुरूम किती फुटांवर आहे. तो एक फूट असेल की आठ फूट, यावर घराच्या खर्चात केवढा फरक पडतो! मी एका एजंटाला म्हणालो, जेसीबी लावून कोपऱ्यात एक खड्डा घ्या, मी शूट करतो. टेप लावून दाखवलं. आमच्याकडं किल्लारीच्या भूकंपाला, 1993 ला, दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसं गेली. पाया, कॉलम हे शब्द इथं आजीलाही कळतात. ती रील अजून चालतेय.

ड्रोनबद्दल पण सांगतो, माझ्याच धंद्याचं आहे म्हणून. संभाजीनगरला चिकलठाणा विमानतळाच्या आसपास कुठंही उडवू नका. 2021 च्या नियमांत विमानतळाच्या हद्दीपासून 12 किलोमीटरपर्यंत परवानगीचा प्रश्न येतो. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या साईटवरच्या नकाशावर बघा, मग उडवा.

उंबरठा_जालना
सोमवार, रात्री 9:50

दादा, राग कसला, मुरुमाची गोष्ट वाचून मी लगेच आमच्या मिस्त्रीमामांना फोन लावला. ते म्हणाले, मंठा रस्त्याच्या अलीकडच्या दोन ले-आऊटमध्येच चार फुटांचा फरक आहे. मी सहा वर्षं तिथं प्लॉट विकते आणि हे मला आज कळलं.

पाणंद, तुमच्या वडिलांचं वाचून डोळे भरून आले. माझ्या माहेरीही असाच एक बाँड आहे.

एक गोष्ट काल लिहायची राहिली. चहाच्या वेळी एक जण पेनड्राइव्ह घेऊन फिरत होता. ‘चाळीस हजार नंबर आहेत ताई, सरकारी नोकरदार, डॉक्टर, सगळे वेगळे केलेले, तीन हजारात.’ माझ्या समोर पाच-सहा जणांनी घेतला. मी घेतला नाही, पण मोह झाला हे खरं.

गोदातीर
सोमवार, रात्री 10:15

बरं झालं नाही घेतला. जाहिरातीचे कॉल आपल्या साध्या दहा आकडी नंबरवरून करायचे नसतात, त्यासाठी 140 नं सुरू होणारी वेगळी मालिका आहे. तक्रारी झाल्या की नंबर बंद होतो, आणि एजंटचा नंबर बंद झाला म्हणजे दुकानच बंद. त्याशिवाय 2023 चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहे, लोकांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय अशी विकणं-वापरणं त्यात बसत नाही. त्या यादीत तुमचा माझाही नंबर असेल.

माजलगावकडचा
मंगळवार, सकाळी 6:30

पोरी, तुझं वाचून बरं वाटलं. माझा नातू टाइप करायलाय, मी सांगायलो. चाळीस वर्सं झाली दलाली करून.

आमच्या टायमाला ह्याला नेटवर्किंग म्हणत नव्हते. आठवडी बाजाराच्या दिशी चहाच्या टपरीवर बसलं की समदं कळायचं. कोणाच्या पोरीचं लगीन हाय, कोण जमीन काढणार, कोणाच्या भावाभावात बोलणं बंद हाय. दलालाचं भांडवल काय, तर लोकं त्याच्यापाशी घरातलं बोलतात आन् ते बाहेर जात न्हाई. एकदा का गेलं की तुझ्या टपरीवर कोणी बसत न्हाई. ते मोबाईलात आलं तरी तसंच ऱ्हाणार. तू कोणाचा सातबारा रीलवर दावणार असशील तर आधी मालकाला इचार, आन् नावं झाकून दाव. लोकाच्या घरचं भांडण गावभर नको.

दुसरं. नुसता आजचा सातबारा दावून भागत न्हाई आपल्या मराठवाड्यात. पुण्या-साताऱ्याकडचं वेगळं. आपण निजामाच्या राज्यात होतो, 17 सप्टेंबर 1948 ला सुटलो, पर कागद काय लगेच सुटले न्हाईत. मागं जायचं तर 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक काढायचं. तिथं कळतं जमीन मुळात कोणाची. लई ठिकाणी इनाम निघतं. मदतमाश म्हंजी पोटापाण्यासाठी दिलेली जमीन, खिदमतमाश म्हंजी मस्जिदीची, देवळाची सेवा करणाराला दिलेली जमीन. 1954 च्या कायद्यानं इनामं गेली, पर देवस्थानाच्या सेवेची जमीन कोणी परस्पर इकली असंल तर पन्नास वर्सांनी बी वर येती. मी स्वता एक व्यवहार असा मोडताना बगितलाय. घर बांधून लेकरं मोठी झालती, तवा नोटीस आली. त्या माणसाला मीच जागा दावली होती. मी आजचा सातबारा बगून दावली होती. तवापासून खासरा बगितल्याबिगर मी इसार लिहू देत न्हाई.

भोगवटादार वर्ग 2, म्हंजी सरकारी अटीवरली जमीन, असं लिव्हलेलं असलं की थांबायचं. कलेक्टरची परवानगी लागती. एजंट म्हणतो, ‘होऊन जाईल.’ होत न्हाई बाबा लवकर.

तेवढं तुझ्या त्या रीलीत सांग.

ड्रोनवाला_लातूर
मंगळवार, सकाळी 9:05

आजोबा, हे तुम्ही कॅमेऱ्यासमोर सांगाल का? मी माजलगावला येतो. एक पैसा घेणार नाही.

नवी_वाट_हिंगोली
मंगळवार, दुपारी 3:20

मी पहिल्यांदाच लिहितेय. हिंगोलीला राहते, मुलगा शाळेत जायला लागलाय, एजंटचं काम सुरू करायचंय. नोंदणीशिवाय करता येत नाही एवढं कळलं. परीक्षा फार अवघड असते का? आणि सासरचे म्हणतात हे बाईमाणसाचं काम नाही, अनोळखी लोकांना रानात घेऊन जावं लागतं. त्यांचं अगदीच चुकतं असंही वाटत नाही.

उंबरठा_जालना
मंगळवार, रात्री 10:30

ये गं, ये. अशाच हव्यात.

आधी 20 तासांचं प्रशिक्षण असतं, मग परीक्षा, मग सक्षमता प्रमाणपत्र, आणि त्यावर महारेराची नोंदणी. नोंदणी पाच वर्षं चालते. परीक्षा मराठीतून देता येते. अवघड म्हणशील तर कायद्याचे शब्द थोडे जड जातात, पण बारावीचा अभ्यास केलेल्या बाईला जमण्यासारखं आहे. मी रात्री भांडी घासून झाल्यावर दीड तास वाचायचे. नोंदणी झाली की तुझा क्रमांक ए या इंग्रजी अक्षरानं सुरू होईल, प्रकल्पाचा पीनं. दोन्ही जाहिरातीत टाकायचे.

साईटचं म्हणशील तर माझे काही नियम आहेत आणि ते मी कोणासाठी मोडत नाही. पहिली भेट कधीच साईटवर नाही, गावातल्या कचेरीत किंवा हॉटेलात, उजेडी. घरातलं दुसरं कोणी येणार असेल तरच साईट, कारण एकटा माणूस तसंही घेत नाही, वर लातूरचे दादा म्हणाले तसं. माझ्या गाडीतून, माझ्या भावाला लाइव्ह लोकेशन देऊन. चार वाजल्यानंतर गावाबाहेर नाही. यानं दोन गिऱ्हाईकं रागावून गेली सहा वर्षांत. जाऊ देत.

आणि एक सांगते. बायका जास्त खरं विचारतात. नवरा भाव विचारतो, बायको विचारते शाळेची गाडी येते का, रात्री रस्त्यावर दिवा असतो का, शेजारी कोण. ते तू मनापासून सांगू शकशील, कारण तुलाही तेच प्रश्न पडतात.

गोदातीर
बुधवार, सकाळी 8:40

नव्या ताईंसाठी एक भर. सुरुवातीलाच ‘फार्म प्लॉट’ विकायला देणारे भेटतील. शेतात रस्ते आखून दहा-दहा गुंठ्यांचे तुकडे. 2023 पासून प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे शेतीचा कमीत कमी केवढा तुकडा चालतो ते, बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे आहे, त्याच्या आधारानं हे चालतं. पण ती शेतजमीनच राहते. जो शेतकरी नाही त्याला ती घेता येत नाही, मराठवाड्यात हे हैदराबाद कूळवहिवाटीच्या 1950 च्या कायद्याखाली येतं. रीलमध्ये स्विमिंग पूल दाखवतात आणि घेणाऱ्याकडं शेतकरी दाखलाच नसतो. एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांबाबत 2025 मध्ये सरकारनं दिलासा जाहीर केला, पण तो कुठल्या जागेला लागू पडतो हे तहसीलला विचारल्याशिवाय गिऱ्हाईकाला आश्वासन देऊ नका.

पैठण रस्त्यावरच्या बिडकीन औद्योगिक वसाहतीचंही तसंच. तिथल्या कारखान्यासाठी टोयोटाचा राज्य सरकारशी करार जुलै 2024 मध्ये झाला ही खरी बातमी आहे. त्यावरून पैठण रस्त्यावरच्या प्रत्येक वावराला ‘औद्योगिक पट्टा’ म्हणून विकणं खरं नाही. बातमी सांगायची तर तेवढीच सांगावी, आणि आपला प्लॉट तिथून मोजून किती किलोमीटर आहे हे लिहावं.

उंबरठा_जालना
तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री 11:00

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं झालंय.

त्या ले-आऊटचा महारेरा क्रमांक आला. मग मी रील केली, 48 सेकंदांची, माझ्याच मोबाईलवर. पहिल्या वाक्यात म्हणाले, ‘हा प्लॉट घेण्याआधी मला हे तीन प्रश्न विचारा.’ मग क्यूआर कोड पूर्ण पडद्यावर, सावकाश. मग खड्डा आणि टेप, मुरूम साडेतीन फुटांवर. मालकांना विचारून, नावं झाकून फेरफार. इंटरचेंजपासूनचं अंतर गाडी चालवत मोजलं, 14 मिनिटं लागली, तेच लिहिलं. मालक नाराज झाले. म्हणाले, ‘ताई, शेजारचा सात सांगतो.’ मी म्हणाले, त्यांच्यासोबत गिऱ्हाईक एकदा गाडीत बसलं की त्यांचे सात कुठं जातात बघा.

जुनी ड्रोनची रील 31,000 लोकांनी बघितली होती. ही बघितली 1,900 जणांनी. पण 11 फोन आले आणि अकराही जण मी उचलल्यावर दहा-दहा मिनिटं बोलले. चार घरं साईटवर येऊन गेली, त्यात एक पुण्याहून. एकानं इसार दिलाय, 10 टक्क्यांच्या आत, पावतीवर. बाकी तिघं अजून विचार करतायत आणि मी त्यांना आठवड्यातून एकदाच फोन करते.

परभणीच्या त्या वाडेवाल्या गृहस्थांनाही मी फोन केला होता. आमच्या जुन्या जालन्यातल्या एका घराचे नऊ वारस आहेत, ते काम त्यांच्याकडं दिलं. त्यांनी मंठा रस्त्यासाठी विचारणारे एक कुटुंब माझ्याकडं पाठवलं. मेळाव्याची फी तेवढ्यात वसूल झाली असं मी समजते.

आता जाहिरातीचा मजकूर खाली टाकते. तपासून सांगा.

‘मंठा रस्ता, जालना. एन.ए. (बिनशेती) मंजूर ले-आऊट, 1,200 चौरस फुटांचे प्लॉट. महारेरा क्रमांक आणि क्यूआर वर दिला आहे, तो आधी स्कॅन करा. जमीन भोगवटादार वर्ग 1, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या व्यवहारांचा शोध) आणि 1954-55 चं खासरा पत्रक कचेरीत बघायला मिळेल, प्रत घरी नेऊन आपल्या वकिलाला दाखवा. मुरूम साडेतीन फुटांवर. नळाचं पाणी अजून नाही, बोअर आहे, मे महिन्यात टँकर लागू शकतो. पावसाळ्यात मुख्य रस्त्यापासूनच्या शेवटच्या 300 मीटरवर चिखल होतो, रस्त्याचं काम नकाशात आहे, झालेलं नाही. इंटरचेंज 14 मिनिटं. भाव फलकावर लिहिलेला आहे.’

पाणंद
रविवार, सकाळी 6:55

चिखलाचं वाचून मी पुढचं सगळं खरं मानलं. मला प्लॉट क्रमांकांसह नकाशा पाठवा. पुढच्या महिन्यात आई-वडिलांना घेऊन येतो. वडिलांना खासरा बघायचाय, स्वतः.

माजलगावकडचा
रविवार, सकाळी 7:40

समदं बरं लिव्हलं. चतुःसीमा कुठं हाय? चारी बाजूला काय हाय ते लिव्हल्याबिगर जागा कशी कळंल?

उंबरठा_जालना
रविवार, सकाळी 8:05

राहिलंच, मामा. आत्ता वाढवते. पूर्वेला गावची पाणंद, पश्चिमेला मोसंबीची बाग, उत्तरेला मंजूर 9 मीटर रस्ता, दक्षिणेला ओढा. ओढा प्लॉटपासून किती फुटांवर येतो ते आज दुपारी टेप घेऊन जाऊन मोजते.